बारा गाठींचा दोर

पिंजरा साईराजनं चांगला केला होता. टेबलफॅनच्या दोन जाळ्या समोरासमोर धरून मध्ये मच्छरदाणीची जाळी शिवलेली, वर तरंगायला तेलाचा रिकामा कॅन. मासोळ्या अजून बादलीत होत्या. सकाळी नदीवर मरळ धरायची तर गळाला जिवंत मासोळी लागते, आणि बादलीत ठेवली की ती पहाटेपर्यंत मरते. म्हणून रात्रीपुरता पिंजरा आकाराम तात्यांच्या शेततळ्यात सोडायचा, एवढ्यासाठी आम्ही दोघं तिथं गेलो होतो.

तात्या मोटरीच्या खोलीपुढं बाजेवर बसले होते. तो आठवडा रात्रीच्या लाईटीचा. दहाला येणार होती, आता नऊ वाजले होते. अंधारात त्यांची नुसती विडी दिसत होती.

"पिंजरा सोडा की," तात्या म्हणाले. "बांधणार कशानं?"

"दोर हाय," साईराज मांडीवरचं वेटोळं थोपटत म्हणाला. "हितंच तळ्याच्या खुंटीला होता. आत्ताच सोडून आणला."

विडी थांबली.

"खुंटीचा दोर सोडलास?"

"आवं, सकाळी परत बांधतो."

"बस खाली! शहाणा लागून गेलाय. त्यो दोर कशासाठी असतो, म्हाईत हाय? तळ्याला प्लास्टिकचा कागद हाय. वला झाला की मांजरबी वर येत न्हाई. पडल्यालं माणूस दोर धरून गाठीगाठीनं वर येतं. मी सोता मिरजेतनं निळा नायलॉनचा दोर आणून बारा गाठी मारल्यात, त्या काय शोभेला?"

"बांधून येतो," साईराज उठायला लागला.

"आता न्हाई. अंधारात त्या काठाला कुणी जायचं न्हाई. लाईट आली की मी बी येतो संगं. तवर गप ऐका. मधी मोबाईल काढलासा तर तळ्यात भिरकावीन."

विडी त्यांनी बाजेच्या पायाला विझवली.

"चांदसाहेब आठवतोय का रं? स्टँडमागं पंख्याच्या जळल्याल्या मोटरीत तार भरायचा त्यो. माझा जोडीदार. लय गोड माणूस, पर मरळीचा नाद. ऐतवार आला की दुकान बंद, गळ घिऊन नदी. असला पिंजरा आपल्याकडं पहिल्यांदा त्येनंच केला. तुमी त्येचाच बघून केलाय, उगं ऐट करू नगा.

पिंजरा झाला, पर ठिवायला पाणी पायजे. जवळचं पाणी म्हंजे हेच तळं, आन् हे तवा भूपालआण्णा करत हुते. मी आत्ता गुणमालावैनींचं, म्हंजे आण्णांच्या मंडळींचं, रान वाट्यानं करतोय, तवा आण्णा सोता राबायचे. जैनाचं घर. गळाला लावायच्या मासोळ्या हितं कोण ठिवून देईल? मग चांदसाहेब खोटं बोलला. म्हणला, 'आण्णा, ह्या मासोळ्या डासाच्या अळ्या खात्यात. बेडकानं खाऊ नये म्हणून पिंजऱ्यात ठिवतो.' आण्णा खूश. म्हणले, 'ठेव की रं, जीव हाय त्यो. खायला मी घालीन.'

झालं. तवापासनं आण्णा रोज दिवस मावळायच्या आत चिमूटभर कणीक घिऊन तळ्यावर. त्यांचं जेवण दिवस असंस्तवर. आधी मासोळ्या, मग आपण. काठावर उकिडवं बसायचं, खाकरायचं, दोरी वडून पिंजरा जवळ घ्यायचा आन् कणीक टाकायची. खाकरलं की मासोळ्या सगळ्या त्या अंगाला यायच्या, तोंडं वर करून. कमी दिसल्या की विचारायचं, 'चांदसाहेब, कमी झाल्या का रं?' ह्यो म्हणायचा, 'मोठ्या झाल्या आण्णा, नदीत सोडल्या.' आन् म्हातारं हात जोडायचं रं त्येला! मी हसायचो तवा. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटती.

पिंजरा सुतळीनं बांधल्याला. सुतळी कुजली. सोमवारी सांजचं चांदसाहेबाला दुसरं काय गावंना. त्येनं ह्या खुंटीचा दोर सोडला. तवा काथ्याचा हुता, आण्णानं सोता बारा गाठी मारल्याला. गाठी पिंजऱ्याच्या कडीतनं जाईनात, म्हणून त्येनं त्या सगळ्या सोडल्या. येक टोक पिंजऱ्याला, दुसरं काठावर दगडाखाली. म्हणला, उद्या दुसरी दोरी आणतो आन् ह्यो परत बांधतो. तुज्यासारखंच म्हणला, साईराज."

वेटोळं थोपटणारा साईराजचा हात थांबला.

"मंगळवार. सन पंचवीस, फेब्रुवारीची अठरा. आण्णा कणीक घिऊन आले आन् पाय घसरला. बुडून गेले एवढं तुमाला म्हाईत हाय. कसं गेले ते न्हाई म्हाईत. हात दोराला गेला असणार. दोर हुता की! पर वडला तसा दगड गडगडला. वडंल तेवढा दोर येत गेला, आन् दोरामागनं पिंजरा. घरी वैनी ताट वाढून बसल्याली. दिवस मावळला तरी माणूस न्हाई. आमी आठ वाजता काढलं तवा दोर मुठीत, पिंजरा छातीपाशी. मासोळ्या जित्त्या हुत्या.

पिंजऱ्याचा दोर म्हणून त्येच्याकडं कुणी बघितलं न्हाई. पिंजरा तसाच काठाला पाण्यात ऱ्हायला. पर वैनी येकच विचारत ऱ्हायल्या. 'खुंटीला गाठीचा दोर हुता. मी डोळ्यानं बघितल्याला. त्यो कुणी नेला?' मढ्यापाशी विचारलं, मातीला आल्याल्या माणसांना विचारलं. चांदसाहेब तिथंच हुता. खाली मान घालून.

शुक्रवारी नमाज पढून त्यो माज्याकडं आला आन् घडाघडा सगळं सांगितलं. रडत हुता. मी म्हणलो, 'जा, वैनींच्या पाया पड आन् सांग.' म्हणला, 'सांगतो तात्या. पर आज रातीला दोर आधी परत बांधतो.' आता बगा, का बांधायचा? दोर हितंच हुता, पाण्यात सरकल्याला, आण्णालाच दिसला न्हाई, असं ठरावं म्हणून. म्हंजे चूक मेलेल्या माणसाची. मला कळत हुतं रं. तरी मी गप बसलो."

तात्यांनी नवी विडी काढली, पण पेटवली नाही.

"आता हितनं म्होरं त्येनं मला जसं सांगितलं तसं सांगतो.

फेब्रुवारीची एकवीस, शुक्रवार. रातीचं सव्वाअकरा. वद्य पक्ष, चंद्र उगवायला येक वाजायचा. त्यो येकटाच आला. मोबाईलची बॅटरी लावून पिंजरा वर वडला. दोर सोडून घेतला, पिंजरा परत पाण्यात टाकला. दोराचं वरचं टोक खुंटीला आवळलं आन् काठावर बसला. दोर दुमडून गाठ मारायची, हातभर खाली सोडायची. परत गाठ. खालनं वर. येक, दोन, तीन...

चौथ्या गाठीला त्येनं सहज पिंजऱ्याकडं बॅटरी मारली. मासोळ्या सगळ्या येका अंगाला. तोंडं वर करून. खाकरलं तर कुणीच नव्हतं.

त्येनं बॅटरी फिरवली. पाच. सहा. सातवी गाठ मारली, दोर खाली सोडला...

दोर ताठ झाला.

हिसका न्हाई. नुसतं वजन आलं. माणसानं हातात धरावा तसं. खुंटी कुरकुरली. मग जरा ढिला. परत ताठ. कागदावर घासल्याचा आवाज... थांबला. परत ताठ.

गाठीगाठीनं वर येत हुतं कोणतरी.

बॅटरी खाली मारायचं धाडस झालं न्हाई. नुसतं ऐकत बसला. येक गाठ. थांबणं. दुसरी. थांबणं. दमल्याल्या माणसासारखं. सातव्या गाठीपातूर आलं... आन् वर गाठच न्हाई. सपाट दोर. सर्रदिशी घसरून खाली गेलं. पाणी हाललं.

परत पयल्यापासनं.

तीन डाव. तिसऱ्या डावाला सातव्या गाठीवर थांबलं... लय वेळ थांबलं. चांदसाहेबाच्या पायाखाली, दीड हातावर. हात खाली केला असता तर हात लागला असता. बोललं काय न्हाई. खाकरलं फकस्त."

तात्या थांबले. तळ्याच्या बाजूला बेडूक ओरडत होते तेही गप झाले होते, का मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. त्येनं खिशातनं वायर सोलायचं पातं काढलं... आन् खुंटीपाशी दोर कापला."

"आयला," साईराज पुटपुटला.

"व्हय. त्या माणसाला त्येनं दोनदा बुडवलं. हे मी न्हाई म्हणत, त्यो सोता म्हणायचा. रातीला येक वाजता माज्या दारात आला. सकाळी मी येऊन बघितलं. खुंटीला कापल्याला तुकडा, बाकी दोर न्हाई. उन्हाळ्यात तळं उपसलं, कागद बदलला, तळ कोरडा केला. दोर न्हाई म्हंजे न्हाई.

चांदसाहेब दुकान मोडून कोरेगावला लेकीकडं गेला, आयेशाकडं. लेक म्हणायची, अब्बा आंघोळीला बादलीत हात घालत न्हाईत, पाणी वरनं वतावं लागतं. त्या दिवाळीत गेला. मरायच्या आधी फोन केल्ता. 'तात्या, वैनींना तुमी सांगा. मला जमलं न्हाई.' मी हो म्हणलो.

आन् मलाबी जमलं न्हाई. कुठल्या तोंडानं सांगू? मला चौथ्या दिवशीच कळल्यालं. वैनी अजून रानात आल्या की खुंटीपाशी हुब्या ऱ्हात्यात. ह्यो निळा दोर बघून म्हणत्यात, 'ह्यो तुमचा. आमचा कुठं गेला, आकाराम?' मी म्हणतो, काय की वैनी. दोन डोळ्यांत बघून म्हणतो. आज पयल्यांदा कुणाम्होरं बोललो. बोलून काय हुतंय? आण्णा येत न्हाईत, चांदसाहेब येत न्हाई. आन् वैनींचं विचारायचं काय थांबायचं न्हाई."

तेवढ्यात लाईट आली. खोलीवरचा बल्ब लागला, आत स्टार्टर खटकला आणि मोटर सुरू झाली. आम्ही तिघांनी डोळ्यांवर हात घेतले.

तात्यांनी हात काढला. ते साईराजच्या मांडीकडं बघत होते.

"साईराज..." ते म्हणाले. "माझा दोर निळा हाय."

साईराजच्या मांडीवरचा दोर काथ्याचा होता. काळा पडलेला. दोराच्या पाण्यानं त्याची पँट मांडीपासनं गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"अंधारात हाताला लागला त्यो सोडला," साईराज म्हणाला. "खुंटीलाच होता, तात्या. शप्पत."

मी बॅटरी घेऊन खुंटीपर्यंत धावलो. निळा दोर जिथल्या तिथं होता. त्याला कुणी हात लावला नव्हता.

परत आलो तेव्हा तात्यांनी तो काथ्याचा दोर बाजेवर पसरला होता. एक टोक पात्यानं कापल्यासारखं साफ होतं. दुसऱ्या टोकापासनं ते गाठी मोजत होते. सातपर्यंत बोट भराभर गेलं. मग थांबलं.

"आठ..." तात्या म्हणाले. "नऊ..."

पुढं ते मोठ्यानं बोलले नाहीत. बोट मात्र कापलेल्या टोकापर्यंत गेलं. मी मोजल्या. बारा होत्या.

खुंटीलगतची बारावी गाठसुद्धा ओली होती.