कोरं झाकण

ट्रेमध्ये सात घड्याळं होती. सगळी एकाच बनावटीची, चावीची, कधीच न घातलेली. पट्ट्यांना साधी घडीसुद्धा पडली नव्हती. सहांच्या मागच्या झाकणावर एकेक नाव कोरलेलं होतं. सातव्याचं झाकण कोरं होतं.

नाशिकरोडचं ते घड्याळांचं दुकान बंद होणार होतं. सृष्टीला जुनी घड्याळं जमवायचा नाद लागून जेमतेम तीन महिने झालेले, आणि न वापरलेला माल म्हणजे नवशिक्याला घबाडच. शिवाय तिचे वडील सोमनाथ, म्हणजे तिचे आप्पा, महिनाअखेरीस रेल्वेतून निवृत्त होणार होते. कोरं घड्याळ त्यांना होईल, असं तिने लगेच ठरवलं.

दुकानाच्या मालकीण बयाबाईंनी सांगितलं की पूर्वी रेल्वेतली माणसं वर्गणी काढून निवृत्त होणाऱ्याला घड्याळ देत, आणि त्यांचे यजमान नाव आधीच कोरून ठेवत. "ह्या सहा जणांचा निरोपाचा दिवस आलाच नाय," त्या म्हणाल्या. "कोणी महिनाभर आधी गेला, कोणी आदल्या दिवशी."

सृष्टीने सातव्याबद्दल विचारलं.

"त्याचं नाव सांगायला अजून कोणी आलं नाय, पोरी."

सृष्टी दिंडोरीजवळच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सातही घड्याळं विकत घेऊन तिने तिथल्या काट्यावर त्यांची झाकणं तोलली. कोरताना धातू किती जातो, एवढंच तिला बघायचं होतं. कोऱ्या झाकणापेक्षा अक्षरामागे दोन मिलिग्रॅम कमी. पुंजा, चार. बहिरू, सहा. आलेख अगदी सरळ रेघेत आला. आप्पांच्या नावाला आठ जातील, असं तिने हौसेने वहीत लिहून ठेवलं.

आप्पा घड्याळावर खूश झाले. "एवढं देखणं घड्याळ बांधून आता मी कुठली गाडी गाठू?" म्हणाले, आणि निरोपाच्या दिवशीच घालीन म्हणून कपाटात ठेवून दिलं.

नाव कोरायला नेण्याआधी तिने झाकण पुन्हा तोललं. दोन मिलिग्रॅम कमी भरलं. तिने प्रमाण वजनं ठेवून काटा तपासला. बाकीची सहा झाकणं तोलली. ती होती तशीच होती. भिंगाखाली कोऱ्या झाकणावर एक ओरखडाही दिसेना.

नाव कोरायचं तिने रद्द केलं.

सोमवारी चार कमी.

गुरुवारी सहा.

निरोपाला तीन दिवस उरले होते. ती सहा घड्याळं कोणाच्या मनगटाला लागलीच नव्हती; म्हणून तर तिने ती घेतली होती. त्या संध्याकाळी तिने कपाटातून घड्याळ काढलं, चावी दिली आणि आप्पांच्या हातावर बांधू लागली.

"अगं, आज कशाला? जुनं होईल ना."

"होऊ दे, आप्पा. मला ते जुनंच झालेलं हवंय."

दुसऱ्या दिवशी आप्पा ते बांधूनच मनमाडला ड्युटीवर गेले. येताना अर्ध्या गल्लीला दाखवून आले. पट्ट्याला तिसऱ्या भोकापाशी घडी पडली होती.

शनिवारी सकाळी तिने ते एका दिवसापुरतं मागून घेतलं.

झाकणावरचा घाम पुसला. चिमट्याने ते काट्यावर ठेवलं. काट्याचं काचेचं दार लावलं. आकडा स्थिर होऊ दिला.

भिंगाखाली झाकण कोरंच होतं.

पहिल्या वजनापेक्षा आठ मिलिग्रॅम कमी.