एक म्हैस, दोन जागा

गणपतीच्या मंडपात यंदा गावाची चित्रं मोठ्या पडद्यावर दाखवायची, असं सरपंच नंदाबाईंनी ठरवलं आणि ते काम आपल्या दोन भाचरांच्या गळ्यात घातलं. राजेश्वरी कुसगावची, सातवीतली. तिचा चुलतभाऊ प्रज्ञेश तळेगावचा, आठवीतला. दोघं सुट्टीला आत्याकडे आले होते. आत्याचं गाव कामशेतहून आत, पवनेच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी होतं.

देवळाचा फोटो झाला, शाळेचा झाला, भातखाचरांचे तर चाळीस झाले. राहिला होता तो वरचा पाझर तलाव. पण चार दिवस धो धो पाऊस पडत होता. वरची वाट निसरडी झाली होती आणि आत्याने तिकडे जायला सक्त मनाई केली होती.

“जायचं कशाला?” प्रज्ञेश म्हणाला. “ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कॅमेरा लावलाय ना तलावाचा. तिथूनच चित्र उचलू.”

हा कॅमेरा गेल्या वर्षी बांधावर बसवला होता. बांधाच्या खाली ठाकरवाडी होती, एकोणीस घरांची. पाणी वाढलं की वेळीच कळावं म्हणून ग्रामपंचायतीच्या ऑफिसात तलाव दिवसभर पडद्यावर दिसायचा. पडद्याकडे लक्ष ठेवायचं काम बजरंगभाऊंचं. ते दाखले लिहीत, फोन घेत आणि अधूनमधून पडद्याकडे बघत. बघून म्हणत, “तलाव जागेवर आहे.”

त्या दिवशी आत्या बैठकीसाठी वडगावला गेली होती. पाऊस पहाटेच थांबला होता, पण बाहेर दाट धुकं होतं. पडद्यावर मात्र तलावावर छान कोवळं ऊन पडलं होतं. राजेश्वरीला याचं नवल वाटलं. त्यावर बजरंगभाऊंनी समजावलं की डोंगराच्या या अंगाला पाऊस नि त्या अंगाला ऊन, हे मावळात काही नवीन नाही.

प्रज्ञेश खुर्चीवर बसला. त्याने तीन बटणं एकदम दाबली, विंडोजचं, शिफ्ट आणि एस. पडदा जरा काळवंडला. मग त्याने माउसने हव्या तेवढ्या भागाभोवती चौकोन ओढला. तेवढाच तुकडा कापला गेला आणि कॉम्प्युटरने तो साठवून ठेवला. नावाच्या जागी तारीख आणि वेळ आपोआप आली. राजेश्वरीने हे कधी केलं नव्हतं. दोन वेळा चुकून तिने फक्त पडद्याच्या कडेचं एक चिन्ह कापलं, तिसऱ्यांदा आख्खा बांध पकडला. मग तिला नादच लागला.

एवढ्यात रूपा आली. ती ठाकरवाडीतली, राजेश्वरीच्याच वयाची. तिचे आजोबा कोंडूआबा किराणा घ्यायला खाली उतरले होते, त्यांच्यासोबत ती आली होती. या सुट्टीत तिघांची चांगली गट्टी जमली होती. रूपा खुर्चीच्या पाठीला टेकून बघत राहिली. पडद्यावर बांधावरून एक म्हैस रमतगमत चालली होती. राजेश्वरीने चटकन चौकोन ओढून तिला पकडलं.

“मोठं कर बरं,” रूपा एकदम म्हणाली.

चित्र मोठं केलं. म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता आणि डावं शिंग खाली वळलेलं होतं. रूपा पडद्याला नाक लागेल इतकी पुढे झाली.

“ही आमची चंद्री हाय,” ती म्हणाली. “पन ती हितं कशी? चंद्रीला तर गेल्या दिवाळीत इकली आमी.”

बजरंगभाऊ हसले. म्हशी सगळ्या काळ्याच असतात, असं म्हणून ते पुन्हा दाखल्यांकडे वळले. पण रूपाने त्या म्हशीला तीन वर्षं चारलं होतं. ती चुकणं शक्य नव्हतं. प्रज्ञेशचं म्हणणं पडलं की म्हैस नव्या मालकाकडून पळून आली असेल. गुरं येतात कधीकधी जुन्या घरी. मग ती कुठे जाते हे बघायला हवं, असं राजेश्वरीने सुचवलं. तिघांनी ठरवलं की दर दहा मिनिटांनी पडद्याचं चित्र घ्यायचं.

पहिली म्हैस सापडली होती अकरा वाजून दहा मिनिटांनी. मग साडेअकरापर्यंत काही नाही. पावणेबाराला एक बगळा आला, उडाला. बारा वाजता बजरंगभाऊ जेवायला घरी गेले आणि जाताना मुलांना बजावून गेले की कॉम्प्युटर बंद करू नका, नाहीतर मला पुन्हा चालू करायला सापडत नाही.

बारा दहाला बांधाच्या त्याच टोकाकडून चंद्री पुन्हा आली. तशीच रमतगमत. मध्येच थांबली, डावीकडे मान वळवली, कान हलवला आणि पुढे गेली.

“मघाशीपण अशीच थांबली होती,” राजेश्वरी हळूच म्हणाली.

प्रज्ञेशने अकरा दहाचं आणि बारा दहाचं, अशी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. म्हशीचा पाय त्याच दगडावर होता. मागच्या झुडपाची सावली तेवढीच होती. पाण्यावरचं पानसुद्धा त्याच जागी तरंगत होतं. फक्त कोपऱ्यातलं घड्याळ वेगळं होतं. प्रज्ञेशने दोन्ही चित्रं पुन्हा एकदा निरखली. मग त्याने सांगितलं की घड्याळ कॉम्प्युटर स्वतः लावतो, पडद्यावरचं चित्र कुठल्याही दिवसाचं का असेना. हा कॅमेरा नाहीच. कुणीतरी तासाभराचं जुनं चित्रण लावून ठेवलंय आणि तेच फिरून फिरून चालू आहे.

ही गोष्ट मोठ्यांना सांगायची तर पुरावा पक्का हवा. नुसती म्हैस दाखवली तर बजरंगभाऊ पुन्हा हसणार. तेव्हा रूपाला युक्ती सुचली. एव्हाना किराणा घेऊन ऑफिसाच्या दारात आलेल्या कोंडूआबांच्या फोनमध्ये चंद्रीच्या नव्या मालकाचा नंबर होता, त्याचं नाव हौशीराम. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला बैठकांसाठी छोटा कॅमेरा लावलेलाच होता. एक वाजून पाच मिनिटांनी त्यांनी हौशीरामला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हशीचं तोंड दाखवा म्हणून विनंती केली. हौशीरामला आधी वाटलं की आबांचा व्यवहार मोडायचा विचार दिसतोय. नुसतं बघायचंय, असं शपथेवर सांगितल्यावर तो फोन घेऊन गोठ्यात गेला.

अर्ध्या पडद्यावर हौशीरामच्या गोठ्यात चंद्री रवंथ करत होती. शेजारी तिचं रेडकू होतं. दुसऱ्या अर्ध्या पडद्यावर रिकामा बांध. एक वाजून दहा मिनिटं झाली आणि बांधावर चंद्री आली.

एक म्हैस, एकाच वेळी दोन जागी. राजेश्वरीने चौकोन नीट ओढला. दोन्ही चंद्री आणि खालचं घड्याळ एकाच चित्रात आलं. रूपा आनंदाने टाळ्या पिटायला लागली.

कोंडूआबा मात्र हसले नाहीत. ते इतका वेळ दारात टेकून बघत होते. त्यांनी विचारलं, “म्हंजी खरं तळं आज कुनीच बघितलेलं न्हाई?”

 आबा सांगू लागले की पाऊस पहाटेच थांबला, तरी वाडीजवळच्या ओढ्याचं पाणी सकाळपासून गढूळच येतंय. एव्हाना ते निवळायला हवं होतं. त्यांनी किराण्याची पिशवी कोपऱ्यात ठेवली, काठी घेतली आणि वरच्या वाटेला लागले. आत्याची मनाई त्यांना ठाऊक होती. पण मुलं मागे निघाली तेव्हा त्यांनी एकच अट घातली. बांधावर पाऊल टाकायचं नाही, आपण सांगू त्या खडकावर उभं राहायचं.

वर पोचायला अर्धा तास लागला. कॅमेऱ्याचा खांब वाकला होता. वायर कुरतडलेली, आणि कॅमेऱ्यावर गांधीलमाश्यांनी मातीचं घर बांधलेलं. कॅमेरा बघत होता तो थेट जमिनीकडे. तलाव काठोकाठ भरला होता. जादा पाणी जिथून निघून जायचं त्या सांडव्यात एक आडवं झाड पडलं होतं आणि त्याला काटक्या-कुटक्यांचा ढीग अडकून वाट बंद झाली होती. आणि बांधाच्या पायथ्याशी, वाडीच्या बाजूला, मनगटाएवढी धार लागली होती. चहासारखी लाल.

आबांनी दुरूनच ती निरखली. “निवळ पानी पाझरलं तर भ्या न्हाई,” ते म्हणाले. “तलावच पाझराचा हाय. पन गढूळ आलं म्हंजी आतली माती चाललीया.”

राजेश्वरीने आबांच्या फोनवर धारेचे, सांडव्याचे आणि वाकलेल्या खांबाचे फोटो काढले. वर रेंज नव्हती. ते जमेल तेवढ्या घाईने खाली उतरले.

बजरंगभाऊ जेवून परतले होते. त्यांनी आबांचं ऐकून घेतलं आणि भिंतीवरचा नंबर बघून तलावाचं काम बघणाऱ्या इंजिनिअरसाहेबांना फोन लावला. बोलताना त्यांची नजर पडद्यावर होती. त्यांनी साहेबांना कळवलं की वाडीतले एक म्हातारे घाबरलेत, पण कॅमेरा माझ्या समोर आहे, पाणी चांगलं चार फूट खाली आहे, ऊनही पडलंय. साहेब म्हणाले की मग उद्या सकाळी येतो.

प्रज्ञेश भांडायला पुढे सरसावला. राजेश्वरीने त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं. भांडण्यात वेळ जाईल, हे तिला कळत होतं. म्हशीची चित्रं वर निघण्याआधीच आबांच्या फोनमध्ये घेऊन ठेवली होती; तो फोन घेऊन ती दुसऱ्या टेबलाशी बसली आणि आत्याला पाठोपाठ चार चित्रं पाठवली. अकरा दहाची म्हैस, बारा दहाची म्हैस, दोन जागची म्हैस आणि शेवटी बांधाची लाल धार. खाली लिहिलं, “आत्या, पडद्यावरचं तळं जुनं आहे. आजचं तळं शेवटच्या फोटोत आहे.”

दोन मिनिटांत ऑफिसचा फोन वाजला. नंदाआत्याने बजरंगभाऊंना विचारलं की पडद्यावर काय दिसतंय. भाऊंनी सांगितलं, सगळं ठीक आहे. आत्याचा आवाज इतका मोठा होता की सगळ्यांना ऐकू आला.

“बजरंग, म्हैस दिसते का?”

“म्हैस? नाही ताई, आत्ता तर नाही.”

“ती तीन वाजून दहा मिनिटांनी येईल. मी तोवर थांबू का?”

बजरंगभाऊंनी प्रज्ञेशने आता पडद्यावर उघडून ठेवलेल्या चित्रांकडे पाहिलं. एकदा, दोनदा. मग ते मटकन खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. जूनमध्येच कॅमेरा बंद पडला होता. बसवणाऱ्या माणसाने दुरुस्तीला यायचं टाळलं आणि तोवर पडदा काळा दिसू नये म्हणून गेल्या वर्षीचं चित्रण लावून दिलं. चार दिवसांपुरतंच, असं तो म्हणाला होता. रोज तेच बघून बघून आपल्यालाही खरं वाटायला लागलं, हे सांगताना भाऊंची मान खाली गेली होती.

पण त्यानंतर ते एक क्षणही बसले नाहीत. देवळातला स्पीकर मोटरसायकलला बांधून ते स्वतः वाडीत गेले आणि घरोघरी हाका मारत फिरले. साडेचारच्या आत एकोणीसही घरं शाळेत आली. माणसं, शेळ्या, कोंबड्या आणि एका पोराने छातीशी धरलेलं मांजराचं पिल्लू. नंदाआत्या इंजिनिअरसाहेबांना घेऊनच वडगावहून आली. गावातल्या तरुणांनी झाड करवतीने कापलं, जेसीबीने सांडवा मोकळा केला. पाणी धडाडत त्यातून निघालं तो आवाज शाळेत ऐकू आला. धारेच्या तोंडाशी खडी आणि वाळूची पोती रचली गेली. अंधार पडायच्या आत तलाव हातभर उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारेचं पाणी स्वच्छ येत होतं. साहेबांनी बांध पुन्हा तपासला आणि वाडीला घरी जायची परवानगी दिली. मग ते शाळेच्या ओसरीवर मुलांपाशी आले. त्यांनी कबूल केलं की काल फोनवरच्या शब्दावर विसंबून आपण आज येणार होतो, आणि आज आलो असतो तर बांध वाचवता आला नसता. अहवालाला जोडायला त्यांनी चारही चित्रं मागून घेतली. दोन चंद्रींचं चित्र बघून मात्र त्यांना हसू आवरेना.

नंदाआत्याने आधी दोघा भाचरांना विचारलं की मनाई असताना वर का गेलात. कोंडूआबा मध्ये पडले. मग तिने दोघांना आणि रूपाला एकदमच जवळ घेतलं आणि म्हणाली, “मी तुम्हाला चित्रं गोळा करायला सांगितलं होतं. तुम्ही वाडी राखलीत.” बजरंगभाऊंना तिने एक काम दिलं. पावसाळा संपेपर्यंत रोज स्वतः बांधावर चढून पाणी मोजायचं. भाऊंनी त्याच सकाळी चढायला सुरुवात केली.

त्या दिवशी गौरी यायच्या होत्या. दुपारी वाडीतल्या बायका तेरड्याच्या फुलांची गौर घेऊन ओढ्याकडून निघाल्या, आणि राजेश्वरी नि प्रज्ञेशला आग्रहाने सोबत घेतलं. रूपाच्या दारात तिची आई, हिरी, हातात दिवा घेऊन उभी होती. जमिनीवर कुंकवाची पावलं उमटवलेली होती. रीतीप्रमाणे हिरीने विचारलं, “गौर आली, ती कशाच्या पावलानं आली?”

बायकांनी उत्तर द्यायचं असतं, सोन्या-रुप्याच्या पावलानं. त्या तोंड उघडणार, इतक्यात कोंडूआबा मागून मोठ्याने म्हणाले, “औंदा आमच्या रूपाच्या पावलानं आली.”

सगळी वाडी हसली. रूपा लाजून राजेश्वरीच्या पाठीमागे दडली, तर बायकांनी तिला पुढे ओढलं, गौर तिच्या हातात दिली आणि उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायला सांगितलं.