प्रकृती स्थिर

“या गेटमधून मुंगी जरी बाहेर पडली ना साहेब, तरी तिचं नाव, फ्लॅट नंबर आणि जाण्याचं कारण माझ्या रजिस्टरात सापडेल!”

सोमवारी सकाळी सव्वानऊला सेक्रेटरींनी वॉर्ड ऑफिसच्या साहेबांना फोनवरून छातीठोकपणे सांगितलं. नऊ बावीसला वॉचमन जिन्यावरून धडधडत खाली आला.

“साहेब, तीनशे दोनमधले घड्याळकाका नाहीत.”

“नाहीत म्हणजे?”

“म्हणजे घरात नाहीत. दुधाची पिशवी दाराशी तशीच पडलीय. बेल वाजवली, दार ठोठावलं, शेवटी ढकललं. उघडंच होतं.”

सेक्रेटरींनी आधी मास्क सारखा केला, मग चेहरा.

बिल्डिंग नऊ दिवसांपासून सील होती. घड्याळकाकांच्या बायकोला, म्हणजे सगळ्यांच्या काकूंना, ताप भरला आणि अॅम्ब्युलन्स घेऊन गेली, त्या दिवसापासून. गेटला पत्रे लागले, लाल नोटीस लागली आणि सेक्रेटरींना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. नोकरीत चौतीस वर्षं त्यांनी सरकारी कागदांवर शिक्के मारले होते. बिल्डिंगमधली मुलं त्यांना मागून ‘शिक्का’ म्हणायची. रिटायर झाल्यावर शिक्का मारायला काही उरलं नव्हतं, आता अख्खी बिल्डिंग मिळाली. नऊ दिवसांत त्यांनी एकवीस परिपत्रकं काढली. लिफ्टचं बटण कोपराने दाबावं. जिन्यात शिंकू नये. शिंक आल्यास घरी परत जावं.

बाहेर जायची परवानगी एकाच व्यक्तीला होती. दोनशे तीनमधल्या सिस्टर. त्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या, एकट्या राहायच्या. त्यांच्यासाठी परिपत्रक क्रमांक अकरा: बिल्डिंगमधून जाता-येता डोक्यापासून पायापर्यंत किट घालावं, गेटवर कशालाही हात लावू नये, सही करू नये. नोंद सेक्रेटरी करतील.

आणि आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, दम्याचा पंप घेऊन फिरणारा माणूस या गेटमधून नाहीसा झाला होता. नोंद न करता!

“पोलिसांना कळवू?” वॉचमनने विचारलं.

“खुळा आहेस का? परत चौदा दिवस सील होऊ. आधी शोधायचं.” मग आवाज जरा उतरला. “दम लागून कुठे पडले बिडले नसले म्हणजे झालं.”

तीनशे दोनमध्ये सगळं जागच्या जागी होतं. घडी केलेलं पांघरूण. खिडकीशी काकांचं टेबल, त्यावर उघडलेली तीन घड्याळं आणि डोळ्याला लावायचं भिंग. दम्याचा पंप नव्हता. काकूंच्या उशीशेजारी चष्म्याची डबी उघडी पडली होती, रिकामी.

“पंप नेलाय. म्हणजे ठरवून गेलेत,” सेक्रेटरी म्हणाले आणि स्वतःवरच खूश झाले.

समोरच्या तीनशे एकमधल्या ट्यूशनवाल्या बाईंनी दार अर्धंच उघडलं. मागे लॅपटॉपवर तीस चौकटींत तीस मुलं बसलेली.

“बाई, घड्याळकाकांना शेवटचं कधी पाहिलंत?”

“काल संध्याकाळी. काकूंच्या चष्म्याची डबी कुठे असते, असं मला विचारत होते. घाईत अॅम्ब्युलन्समध्ये चढवलं ना त्यांना, चष्मा घरीच राहिला. मोबाइल नेला आणि चार्जर राहिला. काकांकडे तर मोबाइलच नाही.”

“आणखी कोण आलं होतं?”

“सिस्टर. बराच वेळ दारात उभ्या होत्या. त्याच बोलत होत्या. काका नुसते ऐकत होते, भिंतीला धरून.”

“काय बोलत होत्या?”

“मी काय कान लावून बसते का? आणि सेक्रेटरी, हळू बोला, मुलांना सगळं ऐकू जातंय.”

“मॅडम,” लॅपटॉपमधून एक बारीक आवाज आला, “काका पळाले का?”

“म्यूट!” बाई ओरडल्या आणि दार लागलं.

सेक्रेटरींनी गेटवर येऊन वॉचमनला समोर उभं केलं.

“आज सकाळपासून कोण कोण बाहेर पडलं?”

“कोणीच नाही. दूधवाला बाहेरूनच पिशव्या देऊन गेला. आणि आठ दहाला सिस्टर. ते तर तुम्हीच लिहिलंत.”

“सिस्टर सोडून?”

“सिस्टर सोडून कोण जाणार? तुम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्यात त्यांच्यासाठी.”

वाजवल्या होत्या खऱ्या. रोजच वाजवायचे. रोज सिस्टर हात हलवून म्हणायच्या, “पुरे हो सेक्रेटरी, आत जा.” आज मात्र काही न बोलता, खाली मान घालून, हळूहळू पावलं टाकत कोपऱ्यावरच्या स्टाफ बसकडे गेल्या. दमल्या असतील बिचाऱ्या, म्हणून सेक्रेटरींनी टाळ्या आणखी जोरात वाजवल्या. किटचा पायजमा घोट्याच्या चांगला वर चढला होता. गरम पाण्यात धुऊन आटला असेल, असं तेव्हा त्यांना वाटलं.

मग शोधाशोध सुरू झाली. गच्ची. मीटरची खोली. पाण्याची टाकी, तीही आत वाकून, “काका!” अशी हाक मारून. टाकीने “काका” असं उत्तर दिलं. बाकी काही नाही.

साडेअकराला ते बिल्डिंगच्या मागच्या बाजूला खिडक्यांखालून चालले होते. टकलावर टप्पकन थेंब पडला. मग दुसरा. वर पाहिलं तर दुसऱ्या मजल्यावरच्या दोरीवरून पांढरा युनिफॉर्म निथळत होता.

“कपडे पिळून वाळत घालत जा! परिपत्रक सात वाचा!” ते ओरडले आणि तरातरा पुढे निघाले.

चार पावलांवर थांबले. पुन्हा वर पाहिलं. खिडक्या मोजल्या.

दोनशे तीन.

दार सिस्टरनीच उघडलं. केस विस्कटलेले, डोळे लाल.

“या,” त्या म्हणाल्या. “उशीर केलात.”

सेक्रेटरींनी घसा साफ केला. आयुष्यभर याच क्षणाची वाट पाहिल्यासारखे ते उंबऱ्याबाहेर सहा फुटांवर ताठ उभे राहिले.

“सिस्टर, रजिस्टरप्रमाणे तुम्ही आठ दहाला बाहेर पडलात. पण साडेअकराला तुमचे कपडे ओले आहेत, आणि घरात दुसरं कोणी नाही. म्हणजे आठ दहाला गेलेला माणूस तुम्ही नव्हतात. तो तुमच्यापेक्षा उंच होता, म्हणून पायजमा तोकडा पडला. हळू चालत होता, कारण दमा आहे. बोलला नाही, कारण आवाज पुरुषाचा. तुम्ही तुमचं किट घड्याळकाकांना दिलंत. पंप आणि काकूंचा चष्मा घेऊन ते हॉस्पिटलात गेले. बरोबर?”

“बरोबर. आज माझी सुट्टी होती.”

“वा! कबूल! सील केलेल्या बिल्डिंगमधून माणूस पळवला! मी आत्ता वॉर्ड ऑफिसला...”

“कळवा. आधी दोन गोष्टी मी विचारते. काकूंच्या हॉस्पिटलच्या फॉर्मवर संपर्काचा नंबर कोणाचा आहे?”

“माझा. फॉर्म मीच भरला. एका बिल्डिंगचा एकच नंबर, हे मीच सुचवलं. गोंधळ नको म्हणून.”

“हॉस्पिटलचा शेवटचा फोन कधी आला?”

“गुरुवारी. प्रकृती स्थिर.”

“शुक्रवारी?”

“नाही आला.”

“शनिवारी? रविवारी?”

“नाही आला. म्हणजे सगळं ठीकच असणार ना!”

“आणि काकांना रोज काय सांगितलंत?”

सेक्रेटरींनी मास्क उगीचच वर ओढला.

“प्रकृती स्थिर,” ते म्हणाले.

“फोन बघू तुमचा.”

गुरुवारी संध्याकाळी बाहेर जायचा पास मागणाऱ्यांच्या फोनने ते इतके हैराण झाले होते की अनोळखी नंबर परस्पर बंद होतील अशी सोय करून घेतली होती. काय शांत वाटलं होतं तेव्हा! सिस्टरनी बंद झालेल्या फोनची यादी उघडली आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला. पासवाल्यांच्या गर्दीत एकच नंबर पुन्हा पुन्हा होता. एकोणीस वेळा.

“हा आमच्या हॉस्पिटलातल्या, काकूंच्या वॉर्डातला फोन. गुरुवारी रात्रीपासून काकू खालावत चालल्या होत्या. त्यांना काकांशी बोलायचं होतं. माझी मैत्रीण तिथे ड्युटीवर आहे. ती फोन लावून त्यांच्या कानाशी धरायची. लागायचाच नाही. काकू ग्लानीत म्हणायच्या, घड्याळ उघडून बसले असतील, त्यांना कुठलं ऐकू जायला.”

सेक्रेटरी यादीतले फोन पुन्हा मोजू लागले.

“मला काल ड्युटीवर कळलं. आल्या आल्या गेटवर तुम्हाला सांगायला लागले, तर तुम्ही म्हणालात, जे असेल ते लेखी द्या, आता फवारणी चालू आहे.”

“तुम्ही ओरडून सांगायचं ना हो!”

“काकांना सांगितलं. माझ्या फोनवरून बोला म्हटलं. ते म्हणाले, फोनवर नको, मला तिच्याजवळ जायचंय. पासासाठी अर्ज त्यांनी शनिवारीच केला होता. काकूंची उगीच काळजी वाटतेय म्हणून. त्यावर तुम्ही काय लिहिलंत?”

सेक्रेटरींना शब्दन् शब्द आठवत होता. खाली शिक्काही मारला होता. ‘रुग्णाची प्रकृती स्थिर असल्याने भेटीची आवश्यकता नाही.’

जिन्यात वरच्या मजल्यावरून ट्यूशनवाल्या बाईंचा आवाज येत होता. पाढे चालले होते.

“काका कुठे आहेत?” त्यांनी शेवटी विचारलं.

“एकच्या स्टाफ बसने येतील.”

“आणि काकू?”

“साडेदहाला गेल्या. मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी कपडे धूत होते. पिळायचे राहूनच गेले.”

एक वाजता बस कोपऱ्यावर थांबली. तोकड्या पायजम्यातला पांढरा माणूस गेटपाशी आला. सेक्रेटरींनी गेट सताड उघडलं. रजिस्टर कोणी पुढे केलं नाही. वॉचमनने आपली खुर्ची दिली. काकांनी टोपडं मागे सारलं, गॉगल काढला. गालांवर खोल वळ उमटले होते. पंपाचे दोन झोत घेतले, मग श्वास जागेवर आला.

“दहा मिनिटं मिळाली,” ते म्हणाले. “तोंडातून शब्द काढू नका, असं सिस्टरनी बजावलं होतं. शेजारच्या खाटेशी मोठे डॉक्टर होते. कळलं असतं तर दोन्ही मुलींची नोकरी गेली असती. मी आपला तिचा चष्मा तिच्या डोळ्यांवर बसवला. तिने मला वरून खालपर्यंत बघितलं. म्हणाली, भाऊ, तुमचा पायजमा आखूड आहे, बदलून मागा.”

सिस्टरनी तोंड फिरवलं.

“मग म्हणाली, एक काम कराल? आमच्या मिस्टरांना निरोप द्या. कपाटात खालच्या खणात नवा पंप आहे, जुना संपत आला असेल. आणि म्हणावं, फोन उचलला नाहीत म्हणून मी रागावलेली नाही.”

“मग?” वॉचमनने विचारलं.

“मग काय. मी मान डोलावली. देतो म्हटलं, मानेनेच.” काका हातमोज्याचं एकेक बोट ओढत होते, पण मोजा निघत नव्हता. “पण मला एक कळत नाही. ती फोन करत कोणाला होती? माझ्याकडे फोनच नाही.”

सगळ्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. कोणी सांगितलं नसतं तरी चाललं असतं. काकांना ते कधीच कळलं नसतं.

“मला, काका,” सेक्रेटरी म्हणाले. “मी बंद करून ठेवला होता. तीन दिवस. आणि तुम्हाला स्थिर स्थिर म्हणून मीच सांगत होतो, मनाने.”

काकांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. घड्याळ उघडून आत काय बिघडलंय ते पाहावं, तसं.

“बरं,” ते म्हणाले आणि उठून जिना चढू लागले.

सेक्रेटरींनी त्या दिवशी जेवण केलं नाही. दोनपासून ते फोनला चिकटले. हॉस्पिटल, वॉर्ड ऑफिस, गाड्यांचा विभाग, पुन्हा वॉर्ड ऑफिस. शव दाखवता येत नाही. घरी आणता येत नाही. नियम आहे. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात नियमाला नाही म्हटलं नव्हतं, त्याने त्या दुपारी अकरा जणांपुढे हात जोडले, फोनवर, कोणाला दिसत नसताना. शेवटी एका साहेबांचं मन वळलं. स्मशानाकडे जाताना गाडी पाच वाजता बिल्डिंगच्या गेटसमोर थांबेल. दोन मिनिटं. दार उघडणार नाही. लांबून पाहायचं.

सेक्रेटरींनी पत्ता दोनदा सांगितला आणि समोरच्याकडून एकदा म्हणवून घेतला.

पावणेपाचलाच सगळी बिल्डिंग बाल्कन्यांत आली. ट्यूशनवाल्या बाईंनी क्लास लवकर सोडला. काका धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून गेटच्या आत उभे राहिले. शेजारी सिस्टर. पत्र्यांमुळे रस्ता दिसत नव्हता, तेव्हा वॉचमनने आणि सेक्रेटरींनी मिळून दोन पत्रे उपटून काढले. सेक्रेटरींचा अंगठा कापला. त्यांनी तो खिशात घातला.

पाच वाजले. सव्वापाच झाले. काका मधूनच सदऱ्याची कॉलर सारखी करत होते.

साडेपाचला सेक्रेटरींनी ड्रायव्हरला फोन लावला.

“थांबलो की साहेब,” ड्रायव्हर म्हणाला. “पत्रे लावलेलं गेट, लाल नोटीस. पूर्ण दोन मिनिटं थांबलो.”

त्या भागात पत्रे लावलेली आणि लाल नोटीस चिकटवलेली सात गेटं होती. पाच वाजून सहा मिनिटांनी गाडी मागच्या रस्त्यावरच्या एका बिल्डिंगसमोर थांबली आणि दोन मिनिटांनी पुढे गेली. तिथे गेटवर कोणी नव्हतं.