दहा शब्दांचा सराव

एका जळालेल्या गोदामाचे दोनशे फोटो मी घरच्या कॉम्प्युटरवर उतरवत होतो. निम्मे उतरले आणि काम थांबलं. डिस्कवर जागा शिल्लक नाही, अशी सूचना पडद्यावर आली. मी विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करतो. काय जळलं, आग कुठून लागली ते बघायचं आणि डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं. वीस वर्षं हेच केलंय. पुढचंही तसंच सांगतो.

"तुझा कॉम्प्युटर आणि आपला माळा, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं," बायको वह्या तपासता तपासता म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते. "टाकायचं काही नाही आणि वेळेला सापडायचंही काही नाही."

रविवारची सकाळ होती. कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्लीय, याची यादी काढली. सगळ्यात वर माझे फोटो असतील असं वाटलं होतं. वर होतं 'सराव' नावाचं फोल्डर. निम्म्याहून जास्त डिस्क त्यानेच अडवली होती.

ते बाबांचं होतं. झटका आल्यावर त्यांचं अर्धं अंग गेलं आणि वाचाही गेली. बोलणं परत यावं म्हणून ज्या बाई शिकवायला यायच्या, त्यांनी दहा शब्दांची यादी दिली होती. पाणी, दार, खुर्ची, उशी, असे रोजचे शब्द. सकाळी दहाला याच टेबलाशी बसून बाबा ते मोठ्याने म्हणायचे आणि रेकॉर्ड करायचे. बाई आठवड्याने ऐकायच्या. मायक्रोफोनही बाईंचाच होता. बाबांनी उभं आयुष्य कोर्टात दुभाष्याचं काम केलेलं. 'पाणी' म्हणताना ओठाच्या कडेने लाळ गळते हे आईला दिसू नये, म्हणून ते आधी दार लावून घ्यायचे.

सात महिन्यांत त्यांनी एक दिवस चुकवला नाही. चार शब्द आले. 'खुर्ची' मात्र आली नाही. 'खु'पाशी अडकायचे आणि टेबलावर थाप मारायचे. मग दुसरा झटका आला आणि ते गेले. त्याला आता दीड वर्ष झालं.

सात महिन्यांच्या दोनशेच्या आसपास फाइली असायला हव्या होत्या. साडेसातशे होत्या. शेवटची त्याच दिवशीची, सकाळी दहाची. घड्याळात साडेदहा वाजत होते.

तारखा चुकल्या असतील, जुन्याच फाइलींच्या प्रती पडत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. बाबा गेल्यानंतरच्या तारखेची पहिली फाइल उघडली.

आधी काहीच नाही. जुन्या फाइलींत पंखा ऐकू येतो, रस्त्यावरचे हॉर्न येतात. इथे खोलीच नसल्यासारखी शांतता होती. मग बाबा म्हणाले, "पाणी. दार. खुर्ची."

जरा थांबून पुन्हा, स्वतःशीच म्हणावं तसं, "खुर्ची."

मधल्या मधल्या आठ-दहा फाइली ऐकल्या. महिनाभराने दहाही शब्द येत होते. सहा महिन्यांनी वाक्यं. "दार लावलंय. खुर्ची भिंतीपाशी आहे. इथे उजेड कमी आहे." आवाज त्यांचा कोर्टातला, झटक्याआधीचा.

बायकोने एक ऐकली. "कुणीतरी नक्कल करून..." एवढं म्हणून तिने हातातली वही मिटली.

मी त्या बाईंना फोन केला. मायक्रोफोन दीड वर्षापासून त्यांच्या कपाटात होता.

"का हो?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. सहज."

आईला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पण मागे वळलो तर ती दारातच उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"नीट बोलतात?" तिने विचारलं.

"हो."

"मला हाक मारली का रे?"

खोटं बोलायला हरकत नव्हती, पण ते जिभेवर आलं नाही. "मी ऐकल्या त्यांत तरी नाही, आई."

कोरडेच हात ती पदराला पुसत राहिली. "मग काढून टाक ते. त्यांचा सराव कुणी ऐकलेला त्यांना चालायचा नाही. मीही कधी ऐकला नाही."

पहिल्या सात महिन्यांच्या फाइली ठेवून बाकीच्या सगळ्या मी काढून टाकल्या. डिस्क मोकळी झाली. गोदामाचे फोटो उतरले.

सोमवारी सकाळी नवी फाइल होती. मंगळवारी नऊलाच कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपसून टेबलावर ठेवली. दुपारी जोडली. दहाची फाइल आत होती.

त्या फाइली आता लांबत चालल्या होत्या. आधी पाच मिनिटांच्या असायच्या. आता एक तास, मग चार तास. मी रोज काढत होतो आणि रोज जागा आणखी कमी होत होती. ऐकणं मात्र सोडून दिलं होतं.

पुढच्या रविवारी डिस्क पुन्हा भरली. त्या दिवशीची फाइल मी उघडली.

"ये," बाबा म्हणाले. "बस. घाई नाही."

खुर्ची सरकली.

"म्हण. पाणी."

"पा..." दुसरा आवाज होता. पुरुषाचा. जीभ तोंडात मावत नसल्यासारखा.

"सावकाश. पुन्हा."

"पा... पा..."

मी मागे नेऊन तीनदा ऐकलं. काकांचा नव्हता. बाबांच्या मित्रांपैकी कुणाचा वाटेना. मी बायकोला हाक मारली. ती दोन कप चहा घेऊन आली, एक माझ्या हातात दिला आणि खुर्चीमागे उभी राहिली.

"हा दुसरा कोण, ओळखतेस?"

तिने ऐकलं. दुसऱ्या 'पा'ला तिने तिचा कप टेबलावर ठेवला.

"आपला स्वतःचा आवाज," ती हळू म्हणाली, वर्गातल्या कच्च्या मुलाला समजावतात तशी, "माणसाला रेकॉर्डमध्ये ओळखू येत नाही."

बोलताना ती पडद्याकडे बघत नव्हती. माझ्या मांडीकडे बघत होती.

मीही खाली पाहिलं.

माझ्या हातातला कप कलंडला होता. चहा मांडीवर सांडत होता. कापडातून वाफ निघत होती.

मला काहीच भाजत नव्हतं.