गळ्यावरची इंग्रजी

नववीच्या वर्गात आता नुसती कुजबुज चाले. मुलं ओठातल्या ओठात मराठीत पुटपुटायची आणि गळ्यावर चिकटवलेल्या कंठिकेतून त्यांच्याच आवाजात अस्खलित इंग्रजी बाहेर पडायची. रुपयाएवढी ती चकती घशातली थरथर टिपायची, अर्थ लावायची आणि भाषांतर करून बोलायची. तोंडी परीक्षेत शाळा जिल्ह्यात पहिली आली होती. इंग्रजीच्या शिक्षिका अनघा खंदारे यांना मात्र शिकवायला काही उरलंच नव्हतं.

त्या दिवशी धड्यात एक गोष्ट होती. बागेचा मालक संत्री तोडणाऱ्या मुलीवर चोरीचा खोटा आळ घेतो आणि तिला हाकलून देतो.

"या मालकाबद्दल काय वाटतं?" बाईंनी विचारलं.

"त्याने थोडा समजूतदारपणा दाखवायला हवा होता," एक कंठिका म्हणाली. दुसरीही जवळपास तेच बोलली. मग तेजल राठोड उठली. वसतिगृहात राहणारी ही पोर नाकावर माशी बसू देत नसे. तिच्या डोळ्यांत अंगार होता, ओठ थरथरत होते, आणि गळ्यातून आलं, "मालकाची अडचणही आपण समजून घेतली पाहिजे."

"तेजल, ती चकती काढ," बाई म्हणाल्या. "मराठीत काय बोललीस?"

"हरामखोर आहे तो, असं म्हटलं मॅडम. त्याच झाडाला बांधून ठेवला पाहिजे त्याला." ती गोंधळली. "का? इंग्रजीत तसं नाही आलं?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरांना इंग्रजी कळेनासंच झालं होतं. आपल्याच आवाजात आपण काय बोलतो, याचा एकालाही पत्ता नव्हता.

मुख्याध्यापक डहाके सरांना यात काही वावगं दिसलं नाही. "अहो, त्यात सौम्यक बसवलाय. मुलांच्या तोंडी संस्कारी भाषा यावी म्हणून कंपनीनेच दिलाय."

"संस्कारी? सर, हा तोंडात कोंबलेला बोळा आहे!"

"निकाल बघा, बाई."

बाईंनी निकाल बघितला नाही. मधल्या सुट्टीत त्या मुलांना निंबाखाली बसवू लागल्या. कंठिका काढून ठेवायच्या, शब्द अडला तर हातवारे करायचे, आणि कुणी चुकलं तर हसायचं नाही. "आधी मनातलं बोला," त्या सांगत, "व्याकरण मागून येईल."

दिवाळीनंतर बाहेरच्या राज्यातून पाहणी समिती आली. पाहुण्यांना मराठी येत नव्हतं. वसतिगृहाबद्दल सांगायला सरांनी तेजलला वर्गात उभं केलं. बाई तिच्या शेजारीच होत्या. तिची कुजबुज त्यांना नीट ऐकू आली.

"पाण्याच्या टाकीत अळ्या आहेत. सांगून सांगून थकलो. आमची करिष्मा कावीळ होऊन दवाखान्यात पडलीय."

कंठिका गोड आवाजात म्हणाली, "वसतिगृहात आम्ही आनंदी आहोत. पाण्याच्या सोयीत आणखी सुधारणा झाली तर स्वागतच आहे."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तेजलच्या कानात 'हॅपी' हा शब्द रुतला. तो तिला आता कळत होता. तिने कंठिका उपटून काढली. गळ्यावर लाल वळ उठला.

"तेजल, खाली बस!" सर ओरडले.

"बसायचं नाही!" बाई त्याहून मोठ्याने ओरडल्या. "बोल, पोरी."

"वॉटर डर्टी," तेजल म्हणाली. तिचा आवाज चिरकत होता. "वर्म्स इन वॉटर. माय फ्रेंड हॉस्पिटल. शी नॉट हॅपी. आय नॉट हॅपी. आय अँग्री!"

"शी! काय हे इंग्रजी," सर पुटपुटले.

समितीतल्या एक वयस्क बाई मात्र उठल्या. टाकी कुठे आहे, एवढंच त्यांनी विचारलं आणि तेजलच्या मागोमाग निघाल्या.

टाकी लगेच उपसली गेली. आठवड्याभरात करिष्माही दवाखान्यातून परतली, काठीसारखी वाळलेली. शिस्तभंगाबद्दल अनघाबाईंच्या मागे चौकशी लागली, तिला त्यांनी भीक घातली नाही. पण जूनपासून राज्यातल्या प्रत्येक शाळेत कंठिका सक्तीची होणार, असं चौकशीच्या दिवशीच सरांनी हसतहसत सांगितलं, तेव्हा बाईंच्या मुठी वळल्या. हजारो वर्गांत मुलं उभी राहतील, जीव तोडून काहीतरी सांगतील, आणि समोरचे टाळ्या वाजवतील. त्यातल्या किती जणांना कळेल, की आपण ते बोललोच नव्हतो?