झाकणाखाली चार बोटं

काचेची रिकामी टाकी दोन्ही हातांनी छातीशी धरून ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या जिन्यात उभी होती. पुढे जावं की इथेच बसकण मारावी, हे काही ठरत नव्हतं. बाहेर आभाळ सकाळपासून तोंड पाडून बसलेलं, जिन्यातला दिवा गेलेला, आणि लिफ्ट... तिचं तर नावच नको. जुनी काढून नवी बसवायचं काम महिनाभर चाललं होतं.

"एक बाजू माझ्याकडे द्या."

ग्रीसने माखलेले हात पँटला पुसत एक माणूस वरून उतरत होता. लिफ्ट बसवणाऱ्यांपैकीच एक.

"तुमच्यामुळेच ही वेळ आलीय," ती म्हणाली.

"म्हणून तर प्रायश्चित्त घेतोय. कितवा मजला?"

"पाचवा."

"पापं बरीच दिसतात माझी," तो म्हणाला आणि त्याने टाकीखाली हात घातला.

तिला हसू आलं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिने गिळलं. हसायचं म्हटलं की हल्ली तिला चोरी केल्यासारखं वाटायचं. धाकटा भाऊ जाऊन चार महिने झाले होते. सकाळी डबा घेऊन बाहेर पडला, रस्त्यात अपघात झाला, संपलं. घरात आता ती आणि आई, दोघीच. आई कोसळली तेव्हा कुणीतरी उभं राहायला हवं होतं, म्हणून ती उभी राहिली. रडायचं तिचं राहूनच गेलं.

दाराशी टाकी टेकवताना त्याने विचारलं, "कसले मासे?"

"मरळ."

"मरळ? ती खातात ना?"

"ही पाळतात. बुटकी मरळ. वीतभरसुद्धा होत नाही." ती थोडी थांबली. "भावाने जोडी आणली होती. टाकी घ्यायची मात्र... राहिली. बाल्कनीत टबात आहेत दोघं."

त्याने तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि पुढचं काही विचारलं नाही. बहुतेक तिथेच तो तिला आवडला असावा.

आईला ते मासे घरात नको होते. "कुणालातरी देऊन टाक," ती म्हणायची. "मला नकोत डोळ्यांसमोर." बाल्कनीत कपडे वाळत घालतानाही ती टबाकडे पाठ करून उभी राहायची. मुलगी काही बोलायची नाही, पण द्यायचीही नाही. भावाची एवढीच तर जिवंत गोष्ट घरात उरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून ती जेवायला घरी आली, तर हा दारात हजर. हातात पातळी बघायची पाणसळ.

"टाकीचं स्टँड सरळ आहे का बघतो. तिरकं असलं तर काच तडकेल."

"हे लिफ्टच्या कामात येतं?"

"लिफ्टच्या कामात जेवणाची सुट्टी येते," तो म्हणाला.

मग तो रोज यायला लागला. दोघांनी मिळून वाळू धुतली, पाणी नितळ होईपर्यंत धुतली. फुटक्या कुंडीचे तुकडे आडवे ठेवून लपायला गुहा केल्या. वाळलेली पानं उकळून तळाशी टाकली, तसं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं; या माशांना असंच लागतं. दिवा मंद ठेवला. माशांच्या दुकानदाराने फोनवर बजावलं होतं, "ताई, ही जात उड्या मारणारी. झाकण घट्ट पाहिजे."

मासे टाकीत सोडले त्या दिवशी दोघं खाली फरशीवर बसून बघत राहिले. निळसर अंग, पंखांना नारिंगी कड. नर गुहेतून फक्त डोकं बाहेर काढून त्यांच्याकडे बघत होता.

"रागावलाय वाटतं," तो म्हणाला.

"नवीन माणूस आहे ना घरात."

"मी अजून नवीनच का?"

तिचे कान गरम झाले. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, आणि आपण आता नक्की काय करत होतो या विचाराने तिला एकदम वाईट वाटलं. ती उठली आणि उगाचच झाकण पुसायला लागली.

त्यानंतर आठवड्याने तो म्हणाला, "उद्या लिफ्ट सुरू होईल."

"बरं झालं."

"परवापासून दुसऱ्या गावात काम आहे. मोठी इमारत आहे... वर्षभर तरी."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. तो थोडा वेळ दारात रेंगाळला आणि गेला.

सकाळी उठून बघते तर नर फरशीवर. झाकणाला पाइपसाठी ठेवलेल्या फटीतून उसळून बाहेर पडलेला, अंगाला धूळ चिकटलेली. तिने ओल्या हातांनी उचलून त्याला पाण्यात सोडलं. तो क्षणभर आडवा पडून राहिला, मग हलला. पुन्हा नाही. या घरातून आता कुणी जायचं नाही. उडी घ्यायला जागाच नको म्हणून तिने टाकी काठोकाठ भरली, फटीवर चिकटपट्टी लावली, झाकणावर दोन जाडजूड पुस्तकं ठेवली आणि कामाला गेली.

दुपारी घरी आली तर पुस्तकं खाली, झाकण उघडं आणि आई टाकीपाशी बसलेली. हातात मग, बाही कोपरापर्यंत ओली, शेजारी पाण्याने भरलेली बादली.

"तू गेलीस आणि टकटक ऐकू यायला लागली," आई म्हणाली. "दोघं झाकणाला तोंडं आपटत होते. अगं, यांना वर येऊन हवा घ्यावी लागते. झाकणाखाली चार बोटं जागा सोडायची, नाहीतर पाण्यात राहून बुडतात."

"तुला कसं माहीत?"

"मी भाजी निवडायला बसले की तो डोकं खायचा माझं. मासा कधी बुडतो का रे, म्हणायचे मी." आईचा आवाज फाटला. "सगळं सांगायचा. सगळं लक्षात आहे माझ्या."

"उडी मारू नये म्हणून भरलं गं मी..."

"माहितीये. मीही तेच केलं असतं." आईने बाही पिळली. "तो लिफ्टवाला आज जातोय ना?"

तिने खाली ठेवलेली पुस्तकं उचलली.

"तुम्ही दुपारी बोलता ते आत ऐकू येतं मला. या घरात ऐकण्यासारखा तेवढाच आवाज उरलाय. तुला हसू येतं आणि तू गिळतेस, तेही कळतं. माझ्यासाठी गिळू नकोस, बाळा. जा, खाली जा."

ती जिन्यानेच धावत उतरली. तळमजल्यावर नव्या लिफ्टमध्ये तो एकटाच शेवटचे स्क्रू आवळत होता. अवजारांची पिशवी भरून ठेवलेली.

"एक फेरी मारून बघायची आहे," तो म्हणाला. "येता?"

दार मिटलं. लिफ्ट वर सरकली. तिने बोलायला तोंड उघडलं, आणि बोलण्याऐवजी भलताच आवाज बाहेर आला. त्याने झटकन चावी फिरवली. लिफ्ट मध्येच थांबली.

"आता दार उघडणार नाही," तो हळूच म्हणाला. "हवा तेवढा वेळ घ्या."

मग ती रडली. चार महिन्यांचं सगळं, हमसून हमसून. त्याने समजावलं नाही की डोळे पुसले नाहीत, फक्त शेजारी उभा राहिला. खालून कुणीतरी दार वाजवलं. "अहो, लिफ्ट कधी येणार?"

"काम चालू आहे," त्याने ओरडून सांगितलं.

रडता रडता तिला हसू फुटलं, आणि या वेळी तिने ते येऊ दिलं.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "आणि त्याचंच रोज अपराधी वाटतं. भाऊ नाही... आणि मी मात्र दुपारची वाट बघत बसते."

"वाटणारच. ते लगेच जायचं नाही. मी थांबेन."

"तुम्ही तर चाललात."

"कामाला चाललोय. रविवारी येईन. पुढच्याही रविवारी येईन."

"मासे बघायला?"

"माशांना माझं काय पडलंय," तो म्हणाला. "तुला बघायला."

खाली पुन्हा दार वाजलं. त्याने चावीकडे हात नेला. तिने तो मध्येच धरला, ग्रीससकट, घट्ट.

"थांब ना जरा," ती म्हणाली. "माझं अजून रडून झालेलं नाही."