साबणाच्या बाईची छत्री

चष्मेवाला पाटी घेऊन दुकानात शिरला तो थेट धाकटीच्या अंगावर! पाटीचा गंजका कोपरा तिच्या एप्रनला अडकला, आणि सोडवता सोडवता दोघांची कपाळं आपटली.

"लागलं नाही ना?" त्याने विचारलं... पण नजर पाटीवर.

जुन्या एनॅमलच्या पाट्या उजळून देण्याचं हे दुकान धाकटीचं आणि तिच्या बाबांचं. ही पाटी साबणाच्या जाहिरातीची. काजळीने मळलेल्या निळ्या पत्र्यावर एक हसरी बाई, हातात साबणाची वडी. चष्मेवाल्याला ती आपल्या चष्म्यांच्या दुकानात लावायची होती.

"घाई नाही हं," तो म्हणाला. "सावकाश होऊ दे."

मग रोज संध्याकाळी स्वारी हजर! दारातूनच बाबांना विचारायचा, "कशी आहे ती?"

"उजळतेय," बाबा म्हणायचे. "पण कडा धारदार आहेत, जपून!"

ती! धाकटीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पाटी तिच्या मागे भिंतीला टेकवून वाळत असायची, धाकटी पुढ्यात दुसरी पाटी घासत बसायची, आणि हा समोर स्टुलावर बसून तिकडे टक लावायचा.

"डोळे दुखतील," एकदा ती फणकारली.

"चष्मेवाल्याचे?"

"मग लावा की चष्मा. नीट दिसेल तुमची ती!"

"अगं, पत्र्याच्या बाईवर कसली जळतेस?" तो गेल्यावर बाबा हसले.

जळत होती खरी! टवक्यांभोवतीचा गंज तेलाच्या बोळ्याने हळूहळू काढताना त्या हसऱ्या तोंडाचा तिला राग राग यायचा. शेवटी तिने काय करावं? पाटी लख्ख केली, मेण चोळलं, आणि बाईचं तोंड तेवढं काजळीतच ठेवलं. आज पाटी जाणार होती. पाटी गेल्यावर तो कशाला फिरकतोय इकडे, या विचाराने तिला रडू येत होतं.

तो आला. पाटी उचलून म्हणाला, "वा, झकास!"

धाकटी चपापली. तोंड काळंकुट्ट, तरी झकास?

"आणि तिच्या छत्रीचा रंग? आवडला?" तिने विचारलं.

"हो तर... छान खुललाय."

"कुठला?"

"...लाल?"

"छत्रीच नाहीये तिच्याकडे! आणि तोंड मी पुसलेलंच नाही! मग रोज बघत काय होतात?"

चष्मेवाल्याचे कान लाल झाले. "पाटीच्या अलीकडे... तुम्ही घासताना जिभेचं टोक दातांत धरता. डाग निघेना की त्याला 'चल रे बाबा' म्हणता. आणि डाव्या भुवईला मेण असतं. आत्ताही आहे."

धाकटीचा हात भुवईकडे गेला. "आणि ते... 'कशी आहे ती?'"

"ते पाटीबद्दल नव्हतंच."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं!" आतून बाबा ओरडले.

धाकटीने पाटी त्याच्या हातातून काढून घेतली. "आज नाही मिळायची. तोंड राहिलंय. रोज यावं लागेल... घाई नाही ना?"

"छे! सावकाश होऊ दे."

तिने पाटी पुन्हा भिंतीला टेकवली, पण या खेपेला बाईचं तोंड भिंतीकडे करून. उगाच मध्ये कडमडायला नको.